गाडी चार तास, वाय-फाय अर्धा तास

रेल्वेच्या फलाटावर पाय ठेवावा, तो समोर पाटी दिसते : ‘मोफत वाय-फाय’. पाटी सुबक असते, अक्षरे मोठी असतात आणि शेजारची पिण्याच्या पाण्याची पाटी जितकी मळकी, तितकी ही स्वच्छ असते. या पाटीविषयी मला आज चार शब्द लिहायचे आहेत, आणि ते मुद्दाम दिवाळी अंकात लिहायचे आहेत. कारण हा अंक ज्यांच्या हातात पडेल त्यांतील पुष्कळजण सणाकरिता गाडीने घरी आलेले असतील आणि भाऊबीज आटोपली की गाडीनेच परत जातील. फराळाच्या ताटाशी बसून भांडण उकरू नये, हा शिष्टाचार मलाही ठाऊक आहे. परंतु हे भांडण घरच्यांशी नाही, रेल्वेशी आहे. आणि रेल्वेशी भांडायचे म्हटले की सासू, सून, जावई आणि व्याही असे सगळे एकाच पंगतीत बसू शकतात.

मी वरवट बकालचा. आमच्या गावाला रेल्वे नाही. गाडी गाठायची तर एस.टी.त बसून शेगाव गाठावे लागते. तेथून कोणी महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याकडे जातो, कोणी विदर्भ एक्सप्रेसने मुंबईकडे. संग्रामपूर तालुक्यातली निम्मी तरुण पिढी अशी पिशवी उशाशी घेऊन आज या नाही तर त्या गाडीत असते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल. पण प्रत्येक आळीतले एखादे तरी पोर तसे असते, यात अतिशयोक्ती नाही. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर आहे आणि कादंबऱ्या लिहितो. यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण माझी तक्रार यंत्राविषयी नाहीच. ती ‘मोफत’ या शब्दाविषयी आहे. आणि शब्द हा तर माझा रोजचा धंदा आहे.

प्रथम रेल्वेचे जे देणे आहे ते देऊन टाकतो. २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रल स्थानकावर ही मोफत सोय सुरू झाली. रेल्वेची रेलटेल कंपनी आणि गूगल यांनी ती मिळून उभी केली. २०१८ च्या जूनपर्यंत ती चारशे स्थानकांवर पोहोचली. २०२० मध्ये गूगलने त्यातून अंग काढून घेण्याचे जाहीर केले, तरी रेलटेलने काम सोडले नाही. आणि पुढे सहा हजारांहून अधिक स्थानकांवर ही सोय गेली. हे काम लहान नाही. केरळात एर्नाकुलमच्या स्थानकावर ओझी वाहणाऱ्या एका हमालाने याच फुकटच्या वाय-फायवर, कानात तार घालून, डोक्यावर सामान असताना धडे ऐकले आणि २०१८ साली तो तेथील लोकसेवा आयोगाच्या लेखी परीक्षेत उत्तीर्ण झाला. ही बातमी मी माझ्या वर्गात वाचून दाखविली होती. तेव्हा ‘कशाला हवे हे खेळणे?’ असे म्हणणारांच्या पक्षात मी नाही. जे एका हमालाला परीक्षा पास करून देते ते खेळणे नव्हे. आणि खेळणे नव्हे म्हणूनच त्याच्या नावावर थट्टा चालू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता त्या पाटीखाली बारीक अक्षरांत जे लिहिलेले नसते ते पाहू. मोफत म्हणजे किती मोफत? तर दिवसातून अर्धा तास, आणि तोही मंद गतीने. त्यापुढे हवे असेल तर पैसे मोजा. २०२१ च्या मार्चपासून त्याचे दहा रुपयांपासूनचे दर ठरलेले आहेत. दहा रुपये जास्त नाहीत, हे मी मान्य करतो. परंतु हा अर्धा तास कोणी ठरविला आणि कोणत्या घड्याळाने ठरविला? गाडी वेळेवर आली असती तर अर्धा तास पुरला असता. फलाटावर माणूस अर्धा तास बसतो तो गाडी वेळेवर असते तेव्हा. चार तास बसतो तो गाडी चुकली म्हणून नव्हे, तर गाडीच चार तास उशिरा येते म्हणून! थंडीच्या दिवसांत उत्तरेकडून धुक्यातून येणाऱ्या गाड्यांची वाट ज्यांनी भुसावळला किंवा अकोल्याला पाहिली आहे, त्यांना हे अधिक समजावून सांगायला नको. उशीर रेल्वेचा, खोळंबा प्रवाशाचा आणि अर्ध्या तासानंतरचे भाडेही प्रवाशाचेच! लग्नघरी वऱ्हाडाला ताटकळत ठेवायचे आणि दुसऱ्या चहाचे पैसे मागायचे, असा हा न्याय आहे.

पण अर्धा तास मिळायलाही एक दार ओलांडावे लागते. त्या दाराचे नाव ओटीपी. तुम्ही आपला मोबाइल क्रमांक भरायचा, मग त्या क्रमांकावर काही आकडे येतात, ते आकडे पुन्हा भरायचे, की दार उघडते. वाचकहो, यातली गंमत लक्षात घ्या. माणूस वाय-फाय शोधतो केव्हा? त्याच्या मोबाइलचे नेटवर्क चालत नाही, किंवा त्याचे रिचार्ज संपले आहे, तेव्हा. आणि वाय-फाय म्हणते, ‘अगोदर तुमचे नेटवर्क चालते याचा पुरावा दाखवा.’ विहिरीत उतरायला दोर मागावा आणि दोरवाल्याने सांगावे की दोर विहिरीच्या तळाशी ठेवला आहे, तो आणा आणि मग उतरा! परदेशातून आलेल्या पाहुण्याच्या हाती तेथलेच सिमकार्ड असले तर त्याची गत आणखी वाईट.

ही गोष्ट केवळ गमतीची असती तर मी तिच्यावर शाई खर्च केली नसती. एका मोठ्या जंक्शनवर गाडीची वाट पाहत मी बसलो असताना शेजारच्या बाकावर आमच्याच भागातली एक मुलगी आईबरोबर बसली होती. बारावी झालेली, हुशार. प्रवेशफेरीत मिळालेली जागा पक्की करण्याचा तो शेवटचा दिवस होता, आणि तिच्या हातातल्या जुन्या फोनवर डेटा नव्हता. त्यात सिमकार्डच नव्हते. घरात सिमकार्ड एकच. ते बापाच्या फोनमध्ये. पाटी पाहून तिने वाय-फाय जोडले, क्रमांक भरला आणि मग थांबली. मी विचारले, “काय झाले ग?” ती म्हणाली, “सर, नंबर बाबाचा हाये, अन् बाबा वावरात गेले.” माझ्या फोनवरून बापाला फोन लावला. कपाशीच्या ओळीत उभ्या असलेल्या त्या माणसाने फोन उचलला, पण बोलत असताना संदेश कसा उघडायचा हे त्याला उमगेना. आम्ही फोन ठेवला, पुन्हा लावला. त्याने चष्म्यावाचून आकडे वाचले. तोवर त्या आकड्यांची मुदत संपली होती. माझ्या स्वतःच्या फोनवर त्या फलाटावर बोलता येत होते, डेटा मात्र चालत नव्हता. शेवटी समोरच्या चहावाल्याने आपल्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून दिला आणि म्हणाला, “भर बाई, घाबरू नको.” तिचा अर्ज गेला. चहावाल्याने ना तिचा क्रमांक विचारला, ना अर्ध्या तासाचा हिशेब धरला. त्या दिवशी त्या स्थानकावरचे खरे मोफत वाय-फाय त्या चहाच्या टपरीवर होते.

ही झाली फलाटाची कथा. गाडीच्या आतली तर याहून मजेशीर आहे. येथे वाय-फाय आणि इंटरनेट हे दोन शब्द वेगवेगळे आहेत, एवढे घरातल्या वडीलधाऱ्यांनी समजून घेतले पाहिजे. वाय-फाय म्हणजे डब्यातला नळ. इंटरनेट म्हणजे त्यातून यावयाचे पाणी. खारपाण पट्ट्यातल्या माणसाला नळ आणि पाणी यांतला फरक कोणी शिकवायला नको. आमच्या तालुक्यात तो पाळण्यातच शिकवला जातो. नव्या दिमाखाच्या काही गाड्यांत जे वाय-फाय म्हणून सांगितले जाते ते बहुधा डब्यातल्या एका पेटीतून येते. त्या पेटीत अगोदरच भरून ठेवलेले सिनेमे आणि गाणी असतात. फोनवर वाय-फायचे चिन्ह ऐटीत उभे राहते, प्रवासी हर्षभरित होऊन मुलीला संदेश लिहितो आणि तो संदेश जागच्या जागी गोल गोल फिरत राहतो. टाकीतले शिळे पाणी नळाला जोडावे आणि नदी घरात आणली म्हणून नारळ फोडावा, तसा हा प्रकार आहे.

खरे इंटरनेट गाडीत आणण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. २०१३ साली हावडा राजधानीत उपग्रहाच्या मार्गाने ते देण्यात आले. पुढे २०२१ च्या ऑगस्टमध्ये रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी लोकसभेत लेखी उत्तर दिले की, हे तंत्र भांडवलाच्या दृष्टीने महाग आहे, त्याचा चालू खर्च परवडत नाही, प्रवाशांना पुरेसा वेगही मिळत नाही, म्हणून हा प्रयोग सोडून दिला आहे. मी मंत्र्यांना दोष देत नाही. जे परवडत नाही ते परवडत नाही म्हणून सांगणे हा प्रामाणिकपणा आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

तो सांगण्यापूर्वी दोन आक्षेपांना उत्तर दिले पाहिजे. पहिला आक्षेप असा की, २०१६ नंतर मोबाइलचा डेटा इतका स्वस्त झाला की वाय-फायची गरजच उरली नाही. स्वस्त झाला हे खरे. पण तो कोणाला स्वस्त? २०२४ च्या जुलैत तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी आपले दर वाढविले, तेव्हा महिनाअखेरीला रिचार्ज करायचे की आठवडाभराचे तेल आणायचे, हा प्रश्न किती घरांत उठला, हे आमच्या शाळेत येणाऱ्या पालकांना विचारा. शिवाय डेटा विकत घेतला तरी तो गाडीत चालतो कोठे? हजार-दीड हजार माणसे भरलेली गाडी ताशी शंभर किलोमीटरांच्या वेगाने धावते. तेवढ्या साऱ्यांचे फोन एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर एकदम उड्या मारतात. त्यात डब्याचे लोखंड आणि वातानुकूलित डब्याच्या काचा लहरी अडवतात. गाव मागे पडले आणि दोन्ही बाजूंना नुसती शेते व टेकड्या राहिल्या की पडद्यावरच्या काड्या एकेक करून मालवतात. हा दोष प्रवाशाच्या खिशाचा नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लोक म्हणतात, ‘आधी अपघात टाळा, आधी साध्या डब्यात बसायला जागा द्या, मग वाय-फायचे पाहू.’ मी या मताशी पूर्ण सहमत आहे. २०२१ च्या जूनमध्ये सरकारने रेल्वेला सुरक्षिततेच्या संदेशांकरिता रेडिओलहरींचा खास पट्टा दिला. तो पट्टा गाड्यांची टक्कर टाळण्याकरिताच वापरला जावा. जनरल डब्यात शौचालयाच्या दाराशी उकिडव्या बसलेल्या बाईला वाय-फाय दिले म्हणजे तिला जागा मिळाली असे होत नाही. वाय-फाय आधी आणि जागा नंतर, असे मी कधीही म्हणणार नाही.

मग माझे भांडण काय आहे? ते असे आहे. रेल्वे एका तोंडाने सांगते की गाडीत इंटरनेट देणे परवडत नाही. आणि दुसऱ्या तोंडाने सांगते की इंटरनेटशिवाय तुमचे काही चालणार नाही. आरक्षित तिकिटांपैकी दर दहांतली आठांहून अधिक तिकिटे आता संकेतस्थळावरून निघतात. पूर्वी डब्याच्या दाराशी कागदाचा चार्ट चिकटवीत. म्हातारा माणूसही बोट फिरवून आपले नाव शोधी. २०१८ पासून मोठ्या स्थानकांवर तो कागद बंद झाला. २०२५ च्या जुलैपासून संकेतस्थळावर तत्काळ तिकीट काढायचे तर आधारची जोडणी आणि ओटीपी सक्तीचा झाला. आणि खिडकीवर रांगेत उभे राहून तत्काळ तिकीट मागणाऱ्यालाही मोबाइलवर येणारा आकडा विचारण्याची पद्धत त्यानंतर टप्प्याटप्प्याने आली. दलालांना आळा घालावा म्हणून हे केले, हा हेतू चांगला आहे; त्याला मी नावे ठेवीत नाही. परंतु चोर पकडण्याकरिता लावलेले कुलूप घरमालकालाच उघडता येऊ नये, हा कोठला बंदोबस्त? गाडी कोठे आली ते अॅपवर पाहा. डबा कोठे लागेल ते अॅपवर पाहा. जेवण अॅपवर मागवा. तक्रार असेल तर अॅपवर नोंदवा. १३९ या क्रमांकावर बोलता येते, हे खरे. पण बोलायलाही लहरी लागतातच ना?

ज्या दिवशी खिडकीवरचा कागद काढून घेतला आणि सर्व काही फोनवर नेले, त्या दिवशी इंटरनेट ही चैन राहिली नाही. ती तिकिटाचा भाग झाली. मग ती द्यायची जबाबदारीही तिकीट देणारावर आली. शाळेने पाटी-पेन्सिल सक्तीची करायची आणि ती फक्त सधन पोरांच्या दप्तरात सापडेल अशी व्यवस्था ठेवायची, हे मास्तर म्हणून मला पटत नाही. सक्ती करायची असेल तर साधन द्या. साधन देता येत नसेल तर सक्ती सोडा. एवढा साधा हा व्यवहार आहे.

‘पुढारलेल्या देशांत पाहा’ असे म्हणण्याची आपल्याकडे खोड आहे, म्हणून तेथलेही थोडे पाहू. आमच्याकडचा एक विद्यार्थी जर्मनीत शिकतो. दूरच्या प्रवासाला तेथल्या आयसीई नावाच्या वेगवान गाडीने जातो. त्या गाडीच्या दुसऱ्या वर्गात २०१७ च्या पहिल्या दिवसापासून मोफत वाय-फाय आहे. गाडीच्या टपावरच्या अँटेना निरनिराळ्या कंपन्यांच्या टॉवरांवरून इंटरनेट गोळा करतात आणि डब्यात वाटतात. प्रारंभी प्रत्येकाला दिवसाचा ठरावीक वाटा मिळे. तो संपला की वेग गोगलगायीचा. बोगदा आला, टॉवर विरळ झाले की तेथेही पडदा थिजतो आणि जर्मन माणूसही आपल्यासारखाच कपाळाला हात लावतो. म्हणजे टॉवर नाहीत तेथे वाय-फायची पेटी लावून उपयोग नाही, हा निसर्गनियम तेथेही सुटलेला नाही. आणि आपला रोगही तेथे आहे. २०२४ साली जर्मन रेल्वेने सवलतीचे प्लॅस्टिकचे कार्ड बंद करून ते फोनमध्ये नेले, तेव्हा तेथल्या ग्राहक संघटनांनी विचारले की, ज्यांच्यापाशी तसला फोन नाही त्या म्हाताऱ्यांनी काय करावे? कागदावर छापून घेण्याची वाट तेथे राहिली. आपण जर्मनीकडून वेग शिकायचा की नाही ते इंजिनीअर ठरवोत. पण हा प्रश्न विचारण्याची हिंमत शिकायला हरकत नाही.

आणि खरे म्हणजे आपल्याला परदेशाकडे पाहण्याचेही कारण नाही. आमच्या वऱ्हाडातून जाणारी लोहमार्गाची वाट १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये खामगावचा फाटा कापसाकरिता उघडला, तो लॉर्ड मेयोच्या हस्ते. साहेबाला आमचा कापूस हवा होता, आमचे भले नको होते, हे आम्ही जाणतो. पण त्या काळीही रुळांच्या बाजूने तारायंत्राचे खांब उभे राहिले, कारण गाडी आणि निरोप यांची जोडी तोडता येत नाही, हे त्याला कळत होते. आज त्याच रुळांच्या कडेने प्रकाशतंतूंची जाळी गेली आहे. रेल्वेच्याच रेलटेल कंपनीचे हे जाळे देशभर साठ हजार किलोमीटरांहून लांब आहे. इंटरनेट प्रवाशाच्या पायाखालून वाहते आहे आणि प्रवासी खिडकीतून हात बाहेर काढून फोनला लहर सापडते का ते पाहतो आहे! तंतू रुळाजवळ असला म्हणजे धावत्या गाडीत तो आपोआप शिरत नाही, हे मलाही समजते. तथापि मार्गाच्या कडेला टॉवर उभारायला आणि त्या टॉवरांना तंतू जोडायला यापेक्षा सोयीची जागा दुसरी कोठे आहे?

टीका करून गप्प बसणे मास्तराला शोभत नाही. चुकीखाली तांबडी रेघ ओढली की शेजारी बरोबर उत्तर लिहावे लागते. म्हणून माझ्या मागण्या लिहितो. त्यांतल्या बहुतेकांना उपग्रह लागत नाही.

एक. पाटीवर खरे लिहा. ‘मोफत वाय-फाय’ याऐवजी ‘अर्धा तास मोफत वाय-फाय’ असे लिहायला रंग थोडा अधिक लागेल, अब्रू मात्र वाचेल.

दोन. गाडी जितकी उशिरा, तितका मोफत वेळ वाढवा. गाडी किती उशिरा आहे हे रेल्वेला ठाऊक असते. ती दर दहा मिनिटांनी ध्वनिक्षेपकावरून ‘असुविधेबद्दल खेद’ व्यक्त करतेच. त्या खेदाला थोडे मूल्य येऊ द्या.

तीन. दाराला दुसरी किल्ली ठेवा. आरक्षित तिकिटावर दहा आकड्यांचा पीएनआर छापलेला असतो. तो भरला की वाय-फाय उघडावे. साध्या तिकिटावरही क्रमांक असतो. माणूस कोण आहे याची नोंद राहावी, हा सुरक्षिततेचा मुद्दा मी समजतो. पण ज्याच्या घरात एकच सिमकार्ड आहे त्याची मुलगी चोर ठरत नाही. तिकीट तिच्या हातात आहे, हा पुरावा रेल्वेने स्वतःच छापून दिलेला आहे.

चार. ज्या गाडीत नुसती सिनेमांची पेटी आहे तेथे तिला ‘करमणूक’ म्हणा, वाय-फाय म्हणू नका.

पाच, आणि ही सर्वांत मोठी. जेथे इंटरनेट पोहोचलेले नाही तेथे कागद, खिडकी आणि माणूस काढून घेऊ नका. चार्टचा कागद पुन्हा लावा. खिडकीवर ओटीपीवाचून ओळखपत्र दाखवून तिकीट घेण्याची वाट मोकळी ठेवा.

यावर कोणी म्हणेल, ‘मास्तर, एवढ्या मोठ्या देशात तुमच्या शेगावच्या फलाटावरच्या चार पोरांकरिता एवढा खटाटोप कोण करील?’ माझे उत्तर असे की, रेल्वे ही त्या चार पोरांचीच आहे. ज्यांच्यापाशी मोटार आहे, विमानाचे पैसे आहेत आणि महिन्याचा अमर्याद डेटा आहे, त्यांना फलाटावरच्या पाटीची गरज नाही. ते ती वाचतही नाहीत. ती पाटी जो वाचतो आणि तिच्यावर विश्वास ठेवतो, तो नेहमी ज्याचे रिचार्ज संपलेले असते तोच असतो. सरकारी पाटीवर गरीब माणसाचा अजून विश्वास आहे, ही या देशाची फार मोठी पुंजी आहे. ती अर्ध्या अर्ध्या तासाने खर्च करू नये.

तेव्हा भाऊबीजेनंतर परत निघताना फलाटावर ती पाटी दिसली, तर तिच्याखाली उभे राहून एकदा वाय-फाय लावून पाहा. लागले तर आनंदच आहे. न लागले, तर स्थानकप्रमुखांच्या कचेरीत तक्रारवही मागा आणि आपल्या हाताने, शुद्ध मराठीत, तारीख आणि वेळ घालून दोन ओळी लिहा. अॅपवर नको, वहीतच लिहा. वही नाही म्हणून सांगतील, तर तेही एका कागदावर लिहून त्यांच्या टेबलावर ठेवा आणि पोच घ्या.